गाभाऱ्याबाहेर थांबलेला आदर

भूदलातील एका ख्रिस्ती लेफ्टनंटची बडतर्फी २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. त्याआधी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही तोच निर्णय दिला होता. हा अधिकारी २०१७ साली सेवेत आला आणि एका रणगाडा रेजिमेंटमधील शीख जवानांच्या तुकडीचा प्रमुख झाला. साप्ताहिक धार्मिक संचलनासाठी तो जवानांबरोबर मंदिरात आणि गुरुद्वारात जात असे, पादत्राणे काढत असे, अंगणात त्यांच्यासोबत उभा राहत असे. पूजेच्या वेळी गाभाऱ्यात पाऊल टाकण्यास मात्र त्याने नकार दिला. आपल्या एकेश्वरी श्रद्धेत हे बसत नाही, आणि आपण नुसते देखल्यादेवा दंडवत घातले तर तो जवानांच्या श्रद्धेचाही अवमान ठरेल, असे त्याचे म्हणणे होते. वरिष्ठांनी समजावले, एका पाद्रीनेही आत जाण्यास हरकत नसल्याचे सांगितले. तो बधला नाही. सेनेने त्याला २०२१ साली बडतर्फ केले. प्रश्न धर्माचा नसून शिस्तीचा आहे, असे दोन्ही न्यायालयांनी म्हटले.

सेनेपुरते पाहिले तर या निकालाला आधार आहे. मरणाच्या दारात ज्यांना न्यायचे त्यांच्यापासून अधिकाऱ्याने स्वतःला तसूभरही वेगळे काढू नये, ही अपेक्षा सैन्यात जगावेगळी नाही. रणघोषणाही देवाच्या नावानेच दिल्या जातात. तथापि या खटल्याने जो प्रश्न उघडा केला तो छावणीच्या भिंतींपेक्षा मोठा आहे. एखादी गोष्ट न मानणाऱ्या माणसाने ती मानणाऱ्यांचा आदर करावा, हे तत्त्व या देशात जवळजवळ सर्वमान्य आहे. पण तो आदर कोठे पुरा होतो? चपला बाहेर काढल्या की? मान लववली की? की तीर्थ घेऊन हात डोक्यावरून फिरवल्याशिवाय तो ग्राह्यच धरायचा नाही?

यातील एक विरोधाभास सहसा लक्षात घेतला जात नाही. या लेफ्टनंटच्या जागी कट्टर नास्तिक असता, तर त्याने कदाचित विनातक्रार आरती हातात घेतली असती. ज्याला मूर्तीत देव दिसत नाही त्याला तिच्यापुढे उभे राहण्यात पापही दिसत नाही. त्याच्या लेखी तो शिष्टाचार, एखाद्या घरी गेल्यावर पुढे केलेला गूळ-पाण्याचा तांब्या घ्यावा तसा. अडचण होते ती ज्याची श्रद्धा गाढ आहे त्याची. म्हणजे ‘अश्रद्धांनी आदर करावा’ अशी मागणी जेव्हा कृतीची मागणी बनते, तेव्हा तिचा पहिला फटका अश्रद्धाला बसत नाही, वेगळ्या श्रद्धेच्या माणसाला बसतो. बहुधर्मी समाजात प्रत्येक भाविक हा शेजाऱ्याच्या देवाच्या बाबतीत अश्रद्धच असतो, ही साधी गोष्ट या चर्चेत वारंवार निसटते.

गोमंतकाला ती वेगळी सांगण्याची गरज पडू नये. म्हापशाची मिलाग्रिस सायबिण आणि शिरगावची लईराई या बहिणी मानल्या जातात. एकीच्या उत्सवाला दुसरीकडून तेल जाते, दुसरीच्या जत्रेला पहिलीकडून फुले. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाच्या रांगेत हिंदू घराण्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहत आली आहेत. या देवाणघेवाणीत कोणी कोणाकडून श्रद्धेची कबुली मागत नाही. तेल पाठवणाऱ्याला कुमारी मातेविषयीचा सिद्धांत मान्य आहे काय, असे चर्चच्या दारात कोणी विचारलेले नाही.

तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये गोवा ढवळून निघाला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातील माजी प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी झेवियरच्या अवशेषांची डीएनए चाचणी करावी अशी मागणी केली आणि ‘गोंयचो सायब’ या बिरुदावरच आक्षेप घेतला. दहा वर्षांनी येणारा शवप्रदर्शन सोहळा अवघ्या दीड महिन्यावर होता. मडगावात रस्ते अडले, डिचोली पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा नोंद झाला. सोहळा पुढे २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी या काळात सुरळीत पार पडला, आणि प्रकरण वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर सरकले. त्याने मागे ठेवलेला गुंता मात्र सुटलेला नाही.

डीएनए चाचणीची भाषा विज्ञानाची आहे. भाविक ज्याला पवित्र मानतात त्या गोष्टीची परीक्षा मागणे हा एरव्ही विवेकवाद्यांचा हक्क. मग या मागणीला विवेकवादी म्हणायचे काय? ज्याला खरोखर उत्तर हवे असते तो प्रश्नाची वेळ, जागा आणि पद्धत यांची निवड उत्तर मिळावे अशा रीतीने करतो; आणि आपल्या घरातील अवशेष, पादुका, स्वयंभू पाषाण यांनाही तीच फूटपट्टी लावतो. परक्याच्या देवघरापुरताच जागा होणारा विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन विज्ञानाशी नाते सांगू शकत नाही. त्यामुळे त्या विधानाने ख्रिस्ती समाज दुखावला यात नवल नाही. दुखावले जाणे आणि गुन्हा घडणे या मात्र दोन गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर राखण्याचे काम त्या आठवड्यात फारसे कोणी केले नाही.

याच विषयात दुसराही एक धागा आहे, आणि तो अवमानाच्या आवरणाखाली दडपला जाऊ नये. झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्यात इन्क्विझिशन स्थापन करण्याची विनंती केली, हे कागदोपत्री नोंदलेले आहे. तो १५५२ साली निवर्तला. धर्मन्यायालय आले १५६० मध्ये आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. त्याचे चटके सोसलेल्यांच्या वंशजांनी हा इतिहास विचारावा की विचारू नये? विचारलाच पाहिजे. आणि तो कसा विचारावा याचा धडा गोव्याच्याच एका सुपुत्राने घालून दिलेला आहे. प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकरांचा ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा ग्रंथ १९६१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात धर्मन्यायालयाचा एकही अत्याचार सौम्य केलेला नाही. पण त्याचे बळ आहे प्रवासवर्णने, हुकूमनामे आणि पत्रव्यवहार यांत. याच प्रियोळकरांनी मिशनऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या ख्रिस्ती मराठी ग्रंथांचे संपादन ज्या मायेने केले, ती एखाद्या भाविकालाही साधली नसती. ज्या संस्थेने आपल्या पूर्वजांची देवळे मोडली तिच्या अनुयायांच्या हातून घडलेली भाषेची सेवा त्यांनी नाकारली नाही, आणि त्या सेवेपोटी देवळांचा हिशेबही माफ केला नाही.

संत, प्रेषित, अवतार अशा व्यक्तींच्या बाबतीत ही दुहेरी ओळख टाळता येत नाही. भक्ताच्या देव्हाऱ्यात ती व्यक्ती काळाच्या बाहेर असते. इतिहासाच्या दप्तरात ती तारीखवार असते. देव्हाऱ्यातील रूपाची कुचेष्टा करून इतिहास शुद्ध होत नाही. दप्तर बांधून ठेवले म्हणून देव्हारा सुरक्षित होतो, असेही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जानेवारी २००४ मध्ये झालेला हल्ला आठवला तर हा प्रकार धर्मापुरता मर्यादित नाही हेही कळते. तेथे हस्तलिखिते फाडली गेली, ती ज्या भूमीच्या अभिमानापोटी फाडली गेली तिचीच होती.

कायद्याकडे वळले की चित्र अधिक विचित्र होते. आजच्या कलम २९९ चा पूर्वज म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ. ते १९२७ साली आले. लाहोरात प्रेषित महंमदांवरील एका कुचेष्टेच्या पुस्तिकेच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने मुक्त केले, कारण तेव्हाच्या कायद्यात या कृत्यासाठी कलमच नव्हते. क्षोभ उसळला, विधिमंडळाने कलम घातले. प्रकाशकाचा मात्र एप्रिल १९२९ मध्ये खून झाला. कलमाने त्याला वाचवले नाही. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवताना एक अट स्पष्ट केली: प्रत्येक अवमान गुन्हा नव्हे, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अवमानच शिक्षेस पात्र. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर महेंद्रसिंग धोनीला विष्णुरूपात रंगवल्याचा खटला २०१७ साली याच कसोटीवर रद्द झाला. पण मुखपृष्ठ २०१३ चे होते. हेतू होता की नव्हता हे चार वर्षांनी ठरते. तोवर समन्स, जामीन, तारखा हीच शिक्षा. कलमाची खरी धार निकालात नसते, दाखल होण्यात असते.

अश्रद्धांच्या बाबतीत याहून महत्त्वाचा निकाल १९५८ चा. पेरियार रामस्वामी यांनी १९५३ साली तिरुचिरापल्लीच्या टाउन हॉल मैदानावर गणपतीची मातीची मूर्ती जाहीरपणे फोडली. खालच्या न्यायालयांनी तक्रार निकाली काढली, कारण बाजारातून आणलेली, प्राणप्रतिष्ठा न झालेली मूर्ती म्हणजे नुसती माती. सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ चुकीचा ठरवला. एखाद्या वर्गाला जी वस्तू पवित्र वाटते ती पवित्र. न्यायाधीशाला ती श्रद्धा पटते की नाही, ती तर्काला धरून आहे की नाही, हे गौण, असा त्याचा आशय होता. तक्रार जुनी झाली म्हणून पेरियार यांच्यावर पुढे कारवाई झाली नाही, पण दंडक राहिला. नास्तिक न्यायाधीशानेही आस्तिकाचे मन समजून घ्यावे, हे त्यातील औदार्य खरोखर मोठे आहे. धोकाही त्यातच आहे: श्रद्धेची तर्कशुद्धता न्यायालयाने तपासायची नाही, तर ती बाहेर तपासणाऱ्याचे काय?

त्याचे उत्तर २०१२ साली मुंबईत मिळाले. विलेपार्ल्याजवळील इर्ला येथे एका चर्चबाहेरील क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक जमले, पाणी तीर्थ म्हणून नेऊ लागले. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी जागा पाहिली आणि कारण सांगितले: जवळचे गटार तुंबले आहे, ओल भिंतीतून आणि लाकडातून केशाकर्षणाने वर चढते आहे. एवढ्यावर ते थांबते तर कदाचित पाणीही थांबले असते. दूरचित्रवाणीवरील वादात त्यांनी चर्चवर चमत्कार रचल्याचा आरोपही केला. ठिकठिकाणी २९५-अ खाली तक्रारी झाल्या, माफी मागण्याचा आग्रह झाला, त्यांनी तो नाकारला आणि त्याच वर्षी फिनलंड गाठले.

आरोप अनावश्यक होता काय? पुराव्याविना असेल तर होता. पण या प्रसंगाचे तारतम्य पाहण्यासारखे आहे. गटाराचे पाणी लोक पीत होते, आणि ते पिऊ नका असे सांगणाऱ्याला देश सोडावा लागला. येथे श्रद्धेचा आदर राखायचा म्हणजे काय करायचे होते? गप्प बसायचे होते? आजारी पडणाऱ्या भाविकाविषयीचा आदर मग कोठे ठेवायचा? माणसाचा आदर आणि त्याच्या समजुतीचा आदर हे येथे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात, आणि ज्याला माणूस आधी दिसतो त्याला बोलावेच लागते.

नरेंद्र दाभोलकरांनी ही रेघ आयुष्यभर काळजीपूर्वक ओढली. देव आणि धर्म मानण्याचा घटनादत्त हक्क मान्य, त्यांच्या नावाने होणारे शोषण अमान्य, ही त्यांच्या समितीची भूमिका. ती पुष्कळ नास्तिकांना मिळमिळीत वाटे. डॉ. श्रीराम लागू आणि दाभोलकर यांचे ‘विवेकजागराचा वादसंवाद’ हे कार्यक्रम महाराष्ट्रात गावोगाव झाले, त्यांतील रंगत याच मतभेदात होती. लागू म्हणत, देवाला आता निवृत्त करावे. दाभोलकर शेजारीच बसून सांगत की संघटनेची भूमिका तशी नाही. हजारोंच्या सभांतून देव नाही असे उघड बोलणारा नट त्याच महाराष्ट्राने अखेरपर्यंत डोक्यावर घेतला. आणि मवाळ रेघ ओढणाऱ्याला २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या पुलावर गोळ्या घातल्या.

यातून निघणारा निष्कर्ष अप्रिय आहे, पण टाळता येण्यासारखा नाही. बोलण्यातील अदब हे संरक्षण ठरत नाही. देवाला निवृत्त करा म्हणणारा कोणाच्या पोटावर पाय देत नव्हता. बुवाबाजीविरोधी कायद्याचा मसुदा घेऊन वर्षानुवर्षे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारा देत होता. धारवाडचे एम. एम. कलबुर्गी तर रूढ अर्थाने नास्तिकही नव्हते. वचनसाहित्याचे ते थोर अभ्यासक. त्यांचा गुन्हा असलाच तर आपल्याच परंपरेतील श्रद्धास्थानांविषयीची कागदपत्रे वाचून निष्कर्ष मांडण्याचा. बसवपरंपरेतील एका श्रद्धेय व्यक्तीच्या जन्मासंबंधी लिहिल्यावर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना ते मागे घ्यावे लागले होते. २०१४ साली अंधश्रद्धाविरोधी विधेयकावर बोलताना अनंतमूर्तींच्या बालपणातील मूर्तिपरीक्षेचा दाखला त्यांनी दिला आणि पुन्हा गदारोळ उठला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी घराच्या दारात त्यांचा खून झाला. दाभोलकर खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. निकालाला जवळजवळ अकरा वर्षे लागली.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या पुण्याने ‘सुधारक’ वाचणेही सोडले नव्हते. आगरकरांची लेखणी भाविकांच्या भावना जपणारी नव्हती. तिला उपरोधाचे वावडे नव्हते आणि काही ठिकाणी ती आजही बोचते. मात्र तिचा रोख घरच्या धर्मावर होता, केशवपन झालेल्या विधवेच्या बाजूने होता. उपहास वरच्या दिशेने जातो की खालच्या, आपल्या घरात होतो की परक्याच्या अंगणात उभे राहून, यावर त्याची नैतिक किंमत बरीच ठरते. कायद्याला हा फरक करता येत नाही. वाचकाला येतो.

आदराची मागणी कोण करतो हेही पाहावे लागते. जेथे जो बहुसंख्य तेथे त्याच्या भावना अधिक कोमल, असा एक अलिखित नियम दिसतो. बानू मुश्ताक यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये म्हैसूर दसऱ्याचे उद्घाटन करू नये म्हणून याचिका झाल्या. उच्च आणि सर्वोच्च अशा दोन्ही न्यायालयांनी त्या फेटाळल्या आणि चामुंडी टेकडीवर त्यांनी देवीला फुले वाहिली. त्याआधी २०१७ मध्ये कवी निसार अहमद यांनीही हे केले होते. म्हणजे एका ठिकाणी परधर्मीयाने आत येऊ नये म्हणून खटला, दुसरीकडे आत आला नाही म्हणून बडतर्फी. दोन्ही प्रकरणे एकाच वर्षाच्या उत्तरार्धात, दोन महिन्यांच्या अंतराने निकाली निघाली. आदर हा शब्द दोन्हीकडे होता. मात्र आत बोलवायचे की बाहेर ठेवायचे हे ठरवणारा हात प्रत्येक वेळी पाहुण्याचा नव्हता.

असे असूनही कायदे अधिक कडक करण्याकडेच कल आहे. पंजाब विधानसभेत जुलै २०२५ मध्ये धर्मग्रंथांच्या विटंबनेसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा सुचवणारे विधेयक मांडले गेले आणि ते प्रवर समितीकडे गेले. तेथील विटंबनेच्या घटनांनी लोकांना झालेली वेदना खोटी नाही. परंतु १९२७ चेच कलम वारशाने घेतलेल्या शेजारच्या देशाने ऐंशीच्या दशकात त्याला पुरवणी जोडत जोडत देहान्ताच्या शिक्षेपर्यंत नेले, आणि त्यातून सामान्य माणसाच्या शेजाऱ्याशी असलेल्या बांधाच्या भांडणालाही धर्मनिंदेचे रूप देता येऊ लागले, हे लाहोर आपल्याला जितके जवळ आहे तितकेच उघड आहे.

या साऱ्या धुमाळीत एक जुना प्रसंग आठवावासा वाटतो, कारण त्यात न्यायालय नाही, पोलीस नाहीत आणि कोणाची सरशीही नाही. आंध्रातील नास्तिक कार्यकर्ते गोरा हे गांधीजींच्या निकटच्या सहवासात आले. देव नाही असे ते गांधीजींना तोंडावर सांगत. गोरांच्या कन्येचा विवाह एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणाशी ठरला आणि तो सेवाग्रामात स्वतः लावून देण्याचे गांधीजींनी मान्य केले. तेथील विवाहात प्रतिज्ञा ईश्वराच्या नावाने होत असे. गोरांना ते चालणार नव्हते, आणि प्रार्थनेवाचून ज्यांचा दिवस जात नसे त्या गांधीजींनी ‘ईश्वर’ या शब्दाच्या जागी ‘सत्य’ हा शब्द घालण्यास होकार दिला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. मार्च महिन्यात सेवाग्रामातच तो विवाह झाला.